मासिकातले हात

पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय पुष्कळांना असते, आणि आपण काही सगळ्या जगाला सुधारायचा मक्ता घेतलेला नाही. पण दिनकरराव ज्या चवीने ती लावत, ते बघून त्यांची बायको, कमलिनी, तोंड फिरवायची. आधी जीभ बाहेर, मग तिच्यावरून तर्जनी सावकाश फिरायची, मग ते ओलं बोट पानाच्या कोपऱ्यावर. पेपर असो, बँकेचं पासबुक असो, नाहीतर कमलिनीने आठवडाभर खपून हाताने शिवलेली वही असो. सांगून सांगून बायकोच्या तोंडाला फेस आला, नवऱ्याची जीभ काही आत गेली नाही.

ही दोघं मूळची कोल्हापूरची, पण चेन्नईत पोरूरला येऊन बराच काळ लोटला होता. दिनकरराव इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत डेप्युटी मॅनेजर. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन गेली की घर कमलिनीचं. वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या जपानी साहेबाची बायको राहायची, फुमिए-सान. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि हिला जपानी. लिफ्टमध्ये नुसतं हसून ओळख झाली, त्या ओळखीचा चहा झाला, आणि चहाच्या टेबलावर फुमिए-सानने हिला जपानी पद्धतीने पुस्तक शिवायला शिकवलं. दोघींना शब्दांवाचून काही अडलं नाही.

प्रकार दिसायला सोपा. एकेक कागद मधोमध दुमडायचा, दुमड बाहेर आणि मोकळ्या कडा एकत्र ठेवायच्या, त्या कडांजवळ आरीने भोकं पाडायची आणि रेशमी दोरा असा फिरवायचा की कडेला नक्षी उमटते आणि गाठ कुठे दिसत नाही. पण खरं काम त्या दोऱ्याच्या आधीचं. पातळ कागदाची चिंचोळी पट्टी बोटांत वळून तिचा पीळ करायचा, तो आतल्या भोकांतून ओवून पानं बांधायची आणि ठोकून चपटा करायचा. वर कव्हर चढलं की तो पीळ कुणाला दिसत नाही, पण उद्या बाहेरचा दोरा तुटला तरी पानं सुटत नाहीत ती त्याच्याच जिवावर. हा पीळ जमायला लोकांना महिना लागतो म्हणे. कमलिनी तर चातुर्मासात लाख वाती वळणाऱ्या घरातली. तिने पहिल्याच बैठकीत असा वळला की फुमिए-सानने तो उजेडात धरून बघितला आणि टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी जपानला परत जाताना ती आपली आरी आणि लाकडी हातोडी कमलिनीच्या ओटीत घालून गेली.

तेव्हापासून कमलिनीची दुपार म्हणजे वह्या. पॅरिस कॉर्नरला अँडरसन स्ट्रीटवर जाऊन कागद आणायचा, कव्हराला मदुरेच्या सुंगुडी साडीचं कापड. जपान्यांची शिवण उजवीकडे असते, त्यांचं पुस्तक तिकडून उघडतं. मराठी माणसासाठी ती शिवण डावीकडे घ्यायची. कुणाच्या बारशाला दे, कुणाला वाढदिवसाला दे, असं चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नुसती आपली आहे असं तिला वाटत होतं.

पोंगलला दिनकररावांनी त्यातली एक वही कंपनीतल्या नव्या मोठ्या साहेबांना, इवासे-सानना, नेऊन दिली. साहेब खूश झाले, एवढंच त्यांनी घरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात म्हणाले, वही शिवतानाचा फोटो हवाय, कंपनीत सगळे विचारतात. बांगड्या काढ, फ्लॅशला चकाकतात. आणि हे माझं घड्याळ घाल, हात भरलेला दिसेल. कमलिनीला ही नवऱ्याची लहर वाटली. तिने घड्याळ घातलं, त्यांनी मोबाइलवर हातांचे जवळून फोटो काढले आणि विषय संपला.

तो कुठला संपतोय. कंपनीत अदिती नावाची नाशिकची एक मुलगी दुभाषी होती. इवासे-सानांचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे साहेब बोलतील ते इकडे आणि इकडचं बोलणं साहेबांकडे, हे तिचं काम. पोरूरलाच पीजीत राहायची आणि सांबारभाताला कंटाळली की रविवारी काकूंकडे वरणभात खायला यायची. एका रविवारी ती कंपनीचं मासिक घेऊन आली. आत पानभर फोटो, आणि खाली छापलेलं की आमचे सहकारी दिनकर फावल्या वेळात जपानी पद्धतीने पुस्तकं शिवतात, हे पाहा त्यांचे कुशल हात. घड्याळ दिनकररावांचंच होतं. पण अंगठ्यावर कुकरने भाजल्याचा डाग होता, आणि दिनकररावांनी जन्मात कुकरला हात लावलेला नव्हता. अदितीने फोटोकडे बघितलं, मग भात वाढणाऱ्या हाताकडे बघितलं, आणि खाली मान घालून जेवली.

ती गेल्यावर कमलिनीने विचारलं. दिनकररावांना ओशाळं होणं माहीतच नव्हतं. घरातलंच तर आहे, म्हणाले, तुझं काय नि माझं काय. तू शिवतेस झकास, पण त्याचा बोलबाला करायला कुणीतरी लागतं की नाही? साहेबांची मर्जी बसली तर नागोयाचं पोस्टिंग मिळेल, मग तूच म्हणशील. असं म्हणून त्यांनी टेबलावरची नवी वही उचलली, जीभ बाहेर काढली आणि पान उलटलं.

 कमलिनीला राग आला असता तर बरं होतं, भांडून मोकळी झाली असती. ही शिसारी होती, घास चावताना दाताखाली केस यावा तशी, आणि ती गिळताही येईना नि थुंकताही येईना. आपलं काम या माणसाने उष्टं केलं, हा एकच शब्द तिच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आरी हातात घेतली, कागदाकडे बघितलं आणि परत ठेवून दिली. सगळ्या वह्या तिला चाटलेल्या वाटू लागल्या. दिनकररावांना त्याची दादच नव्हती. कपाटातल्या तयार वह्या एकेक करून कंपनीत जात होत्या आणि नागोबा आयत्या बिळावर फणा काढून डोलत होता.

मग इवासे-सानांनी त्यांच्या आईचं पुस्तक आणलं. म्हाताऱ्या बाईने लोणच्यांच्या कृती स्वतः लिहून, स्वतःच्या हाताने शिवलेलं. ती आता राहिली नव्हती. दोरा आधीच जुना, त्यात चेन्नईची दमट हवा, तो कुजून तुटला होता. साहेबांनी दिनकररावांना विचारलं की तुम्ही हे पुन्हा शिवून द्याल का, आणि शिवताना मी शेजारी बसलो तर चालेल का? आई शिवायची तेव्हा मी तसा बसायचो. कुणीही शहाणा माणूस इथे काही सबब सांगून सुटला असता. दिनकररावांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. रविवारी दुपारी जेवायलाच या, म्हणाले.

घरी आल्यावर मात्र आपण काय कबूल करून बसलो ते ध्यानात आलं. मग त्यांनी युक्ती काढली. मी सुरुवात करतो, जुना दोरा काढतो, आरी हातात धरून दोन शब्द बोलतो. तेवढ्यात तू आतून माझ्या मोबाइलवर फोन कर. मी गॅलरीत जातो, आणि मला मदत म्हणून बसल्यासारखी तू बाकीचं उरकून टाक. कमलिनी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला होकार समजायची दिनकररावांना लग्नापासूनची सवय. तिच्या मनात पोस्टिंग नव्हतं की नवऱ्याची अब्रू नव्हती, ते पुस्तक होतं. कुणाच्या तरी आईने पानं दुमडून, पीळ वळून केलेली वस्तू या हातांत पडणार, एवढंच तिला दिसत होतं. गप्प राहून नवऱ्याची फजिती बघावी तर पुस्तक जातंय, आणि पुस्तक वाचवावं तर हे खोटं जन्मभर आपल्या बोटांनी शिवत बसायचं.

रविवारी इवासे-सान आले, बरोबर अदिती. तिखट बेताचं घातलेलं जेवण त्यांनी मनापासून खाल्लं. दिनकरराव जेवण झाल्यावरही मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, चघळत होते. ताटं अजून टेबलावरच होती, तरी त्यांनी ती जरा बाजूला सारली आणि म्हणाले, आणा. साहेबांनी रेशमी रुमालाची गाठ सोडून पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. दिनकररावांनी ते एका हाताने घेतलं आणि आपल्या सवयीने डावीकडून, म्हणजे मागून, उघडलं. पहिलंच दिसलं ते शेवटचं पान. मग जीभ बाहेर आली. तर्जनी फिरली. तेलकट, ओलं बोट त्या म्हातारीच्या अक्षरांच्या कोपऱ्यावर टेकलं आणि कागदावर डाग उमटला. इवासे-सान त्या डागाकडे बघत राहिले. 

दिनकररावांनी कुजका दोरा ओढून काढला. वरचं कव्हर सुटून अलगद उचललं गेलं आणि खाली कागदाचे दोन पीळ दिसले, पिवळे पडलेले, चपटे, पण इतक्या वर्षांनी अजून पानं घट्ट धरून. दिनकररावांनी ते नखाने टोकरून बघितले. हा जुना कचरा आधी साफ करायला हवा, असं म्हणून त्यांनी कात्री उचलली.

"कात्री खाली ठेवा," कमलिनी म्हणाली.

दिनकरराव हसले. कात्री तशीच धरून त्यांनी अदितीला सांगितलं, साहेबांना म्हणावं माझी बायको माझ्याकडेच शिकते, नवशिकी आहे, घाबरते. अदितीने तोंड उघडलं नाही. ती कमलिनीकडे बघत होती. इतके दिवस तिने या माणसाच्या थापा जपानीत नेऊन पोचवल्या होत्या, आणि दुभाष्याला आपल्या पदरचं काही घालता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी बोलावं लागतं.

"अदिती, मी सांगते ते सांग," कमलिनी म्हणाली. "जसंच्या तसं. ते पीळ कापले तर पुस्तकाची पानं पानं होतील. त्यांच्या आईने वळलेत ते, कचरा नाही. आणि यांना शिवता येत नाही. यांनी आजवर एक टाका घातलेला नाही. ज्या वह्या दिल्या त्या माझ्या होत्या."

अदितीने सांगितलं. खालच्या आवाजात, एकेक वाक्य, काही न गाळता.  इवासे-सानांनी आधी कमलिनीकडे बघितलं, मग बराच वेळ दिनकररावांच्या हाताकडे, त्या घड्याळाकडे. मग त्यांनी दिनकररावांनाच उद्देशून काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतायत," अदिती म्हणाली, "मासिकातले हात कुणाचे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  खरं सांगून टाकायची याहून सोपी वेळ माणसाला दुसरी कुठली मिळणार? पण नाही. ते अदितीकडे वळले आणि साहेबांना मराठी कळत नाही या भरवशावर तोंडभर हसून, गोड आवाजात म्हणाले, "सांभाळून घे गं. आपली मराठी मुलगी ना तू? मार काहीतरी थाप."

अदितीने एक क्षण टेबलाकडे बघितलं. मग ती इवासे-सानांकडे वळली आणि तिने तेही सांगितलं, त्यातला 'सांभाळून घे' सांगितला, 'आपली मराठी मुलगी' सांगितलं आणि थापही सांगितली. ती थांबली तेव्हा साहेबांचे कान लाल झाले होते. दिनकरराव मात्र अजून हसतच होते, कारण आपली सुटका झाली अशी त्यांची समजूत होती. ते हसू बघवेना. वीस वर्षं या हसण्यासमोर बसून कमलिनी जेवली होती.

इवासे-सान उठले. दिनकररावांच्या हातातली कात्री त्यांनी काढून घेतली, टेबलावर लांब ठेवली आणि आईचं पुस्तक दोन्ही हातांनी कमलिनीपुढे धरलं. मान वाकवली ती चांगली खाली. कमलिनीने पुस्तक घेतलं नाही. तिने खुणेने जरा थांबायला सांगितलं, आत गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे पुसले आणि कपाटातून फुमिए-सानची आरी घेऊन बाहेर आली. मग तिने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि उजवीकडून उघडलं. तो ओला डाग तेवढा आता कधी जाणार नव्हता.

दिनकररावांना तोवर उमगलं असावं. ते खुर्चीत चुळबुळले आणि सवयीने बोट जिभेकडे नेऊ लागले.

"अहो," कमलिनी वर न बघता म्हणाली, "ती ताटं उचला. आणि या टेबलाशी परत येऊ नका."

अदितीने हेही साहेबांना सांगितलं.