खडेपूरच्या बाजारतळावरची डोण

मी एक जुनी दगडी डोण आहे. खडेपूर नगरपालिकेच्या बाजारतळावर, विहिरीच्या काठाला लागून माझी जागा आहे. मित्रांनो, डोण म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. एकच मोठा दगड पोखरून जनावरांना पाणी पिण्यासाठी जे भांडे करतात, त्याला डोण म्हणतात. मी बैलगाडीएवढी लांब आहे. स्वभावाने म्हणाल तर हट्टी आहे, आणि दगडाने हट्टी असू नये तर कोणी असावे?

डोंगराच्या खाणीतून मला हरिबा पाथरवटाने काढले. छिन्नी-हातोडा घेऊन तो अख्खा उन्हाळा माझ्या पोटात बसून होता. काठ मात्र त्याने गुळगुळीत घासला. कोणी विचारले तर म्हणायचा, "जनावराच्या नरड्याला दगूड लागाय नको." माझ्या वाट्याला आलेली ही पहिली माया. पुढे लाकडी ओंडक्यांवरून ढकलत आणि शिव्या देत माणसांनी मला बाजारतळावर आणले. त्या शिव्यांचा मला राग आला नाही, कारण मी खरोखरच जड होते.

आमचे खडेपूर तसे लहान. आजूबाजूच्या मोठ्या गावांना अजून ग्रामपंचायत होती तेव्हापासून आम्हाला नगरपालिका आहे, आणि याचा इथल्या लोकांना फार तोरा. धर्मशाळेच्या माडीवर पालिकेची एकच खोली. तिच्यात एक टेबल, एक घंटा आणि सभासदांना पुरणार नाहीत इतक्या खुर्च्या. गावाच्या पश्चिमेला उसाचे मळे आणि गुऱ्हाळे, पूर्वेला नुसते माळरान. घरटी एक तरी माणूस फौजेत असल्यामुळे दारोदारी काळ्या लोखंडी ट्रंका दिसतात. गुरुवारी बाजार भरतो. रहिमतपूर आणि कोरेगावचे व्यापारी येतात, आणि जाताना आमच्या पालिकेच्या रस्त्याला नावे ठेवून जातात.

पालिका म्हटली की वॉर्ड आले. तिसऱ्या आणि चौथ्या वॉर्डाची हद्द नेमकी बाजारतळातून जाते. विहीर तिसऱ्यात, मी चौथ्यात. आता विहिरीचा गाळ काढायचा कोणी? तिसऱ्या वॉर्डाचे सभासद लालासाहेब म्हणत, "पाणी चौथ्यातल्या डोणीत पडतंय, तवा गाळ त्यांनी काढावा." चौथा वॉर्ड म्हणे, "हीर तुमची, गाळ बी तुमचाच." दर वर्षी हा वाद सभेत रंगे आणि चहा पिऊन संपे. गाळ खाली आपला साचत राही. त्यात काय काय पडत होते ते मी काठावरून बघत होते, पण मला विचारतो कोण!

माझे खरे मानाचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे. पूर्वेच्या दुष्काळी मुलखातून धनगरांची मेंढरे पश्चिमेला येत. उसाचे रान मोकळे झाले की शेतकरी त्यात मेंढरे बसवून घेत. त्यांच्या लेंडीखताने जमीन कसदार होई, आणि धनगरांना धान्य मिळे. पण मेंढरे शेतात शिरण्याआधी माझ्याजवळ थांबत. ज्याच्या रानात ती पहिल्यांदा बसणार, त्याच्या घरची बाई विहिरीतून घागर काढून माझ्यात ओती. हिला खडेपुरात पहिली घागर म्हणतात. ती पडल्याशिवाय धनगर घोड्यावरचा बाडबिस्तरा खाली उतरवत नसत. या पाण्याने गाव आणि कळप वर्षभरासाठी एकमेकांचे होत.

पहिल्या घागरीचा मान बहुतेक वेळा मनुबाईंकडे असे. त्या नगराध्यक्ष हंबीररावांच्या पत्नी. आणि कळप असे हरणाबाईचा. हरणाबाई उंच, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. या दोघी वर्षातून एकदाच भेटत, पण भेटल्या की माझ्या काठावर बसून उठायचे नाव घेत नसत. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण गावालाही पलटणीसारखे चालवू पाहणारा.

मग एकोणीसशे बहात्तर साल उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस रुसला होताच, त्या साली तो आलाच नाही. विहिरीचे पाणी खोल गेले, मग डबके उरले, मग नुसती ओल उरली. पालिकेचा टँकर आला तर येई, नाही तर बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जात. माझ्या तळाला भेगाळलेले शेवाळ तेवढे राहिले. दिवाळी तोंडावर आली आणि हंबीररावांनी बाजारतळावरच सभा बोलावली.

"धनगरांचं कळप आता येतील," ते म्हणाले. "त्यास्नी पाणी कुठलं द्यायचं? गावच्या सिव्हिलियनला प्यायला न्हाई. ऑर्डर अशी हाय, हिरीला कुलूप आणि डोण पालथी. ती बघितली की कळप भाईरच्या भाईर जातील."

लोकांनी माना डोलावल्या. तहानलेल्या माणसाला दुसऱ्याची तहान दिसत नाही हे मी त्या दिवशी पाहिले. पहारी घेऊन माणसे आली आणि माझ्यासारखीला त्यांनी उलटी केली. तोंड मातीत, पाठ आभाळाला. मित्रांनो, मला लाज वाटली. आयुष्यात मी रिकामी पुष्कळदा राहिले होते. रिकामे राहण्यात लाज नाही. पण पालथे पडण्यात आहे.

गंमत म्हणजे माझ्यावर पहाराही बसवला. पालिकेचा शिपाई गुंडा दिवसभर माझ्या पाठीवर बसून विड्या ओढी. पालथ्या डोणीतून कोण काय चोरणार होते, हे त्यालाही माहीत नव्हते. कोणी थट्टा केली की म्हणे, "डूटी म्हंजे डूटी हाय, गड्या."

एका दुपारी मला मेंढरांच्या खुरांचा आवाज जमिनीतून कळला. हरणाबाईचा कळप आला होता. मेंढरे वाळून काटकुळी झाली होती. घोड्याच्या पाठीवरच्या जाळीत नुकतीच जन्मलेली कोकरे होती आणि ती ओरडायचीही थांबली होती. हरणाबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाणी न्हाई बाई," गुंडा उठून म्हणाला. "फुडं जावा. सुभेदारसायबांची ऑर्डर हाय."

"कृष्णा नदी दोन मजला, दोन दिसांची वाट हाय. ही कोकरं तितवर जगत न्हाईत." तिचा आवाज चढला नव्हता. "पाणी न्हाई ते मला बी दिसतंय. वाटंत लय डोणी बघितल्या रिकाम्या. तितं न्हाई राग आला. पर ही पालथी कुनी घातली?"

गुंडा धावत जाऊन हंबीररावांना घेऊन आला. त्यांच्या मागोमाग मनुबाईही आल्या. त्यांच्या कडेवर घागर होती. आपल्या रानात कळप बसणार म्हणून त्या सवयीने निघाल्या होत्या, की मुद्दाम, ते मला आजवर कळलेले नाही.

"हरणाबाई, गावालाच न्हाई तर तुला कुठनं देऊ?" हंबीरराव म्हणाले. त्यांचाही जीव तुटत होता, पण ऑर्डर स्वतःचीच होती.

"आवं सुभेदार, न्हाई म्हनायचं तर तोंडानं म्हना की! आमी काय भांडून घेनार व्हतो? डोण पालथी घातली म्हंजे आमी यायलाच नको व्हतो, असं झालं." ती माझ्याशेजारी मातीत बसली. "हिला सरळ करा. मग मी जाते, का ऱ्हाते, ते माझं मी बघीन. तवर मी हितनं हलत न्हाई."

तिच्या नवऱ्याने कळप लिंबाच्या सावलीत नेला. मनुबाईंनी घागर खाली ठेवली. "आवं, मला पयली घागर वतायची हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "डोण सरळ करा."

"वतनार काय? हिरीत गाळ हाय निस्ता!"

"मग गाळ काढा. किती वर्सं झाली वॉर्ड-वॉर्ड खेळताय?"

हे बाजारतळावर, चार लोकांसमोर झाले. लालासाहेब तिथेच होते. ते खाकरून म्हणाले, "गाळ काढायचा तर ठराव करावा लागंल. कंच्या वॉर्डानं काढायचा ते ठरलं न्हाई."

हरणाबाई उठली. तिने कमरेला पदर खोचला. "मी कंच्याच वॉर्डात न्हाई," ती म्हणाली. "मी काढते. कुलूप उघडा."

हंबीररावांनी किल्ली काढून दिली. गुंडाने आणि चार धनगरांनी मला पहारी लावून सरळ केले. किती दिवसांनी आभाळ दिसले! मी रिकामी होते, धुळीने भरले होते, पण तोंड वर होते.

हरणाबाई आणि तिची माणसे विहिरीत उतरली. वरून दोराने पाट्या ओढायला मनुबाई उभ्या राहिल्या. अध्यक्षांची बायको गाळ ओढते हे गावभर व्हायला वेळ लागला नाही, आणि मग बायका घागरी घरी ठेवून आल्या. गाळात फुटके माठ निघाले, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली, पालिकेचा हरवलेला कंदीलही निघाला. वर भांडणाऱ्या दोन वॉर्डांचा कचरा खाली सुखाने एकत्र नांदत होता. हंबीरराव थोडा वेळ हात मागे बांधून बघत राहिले. मग त्यांनी टोपी माझ्या काठावर ठेवली, धोतर खोचले आणि ओरडले, "लाइन पकडा रं! पाटी हातोहात जाऊ द्या!" पलटणीत शिकलेले त्या दिवशी गावाच्या उपयोगी पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाळ संपला आणि खडक लागला. कोरडा, काळा, माझ्याच जातीचा. लालासाहेब म्हणाले, "बास करा आता. पानी असतं तर दिसलं असतं." त्याच वेळी वरून विहिरीत निरोप गेला की जाळीतली दोन कोकरे गेली. हरणाबाई वर आली. तिने दोन्ही कोकरांवरून हात फिरवला. बाकीच्यांसाठी मनुबाईंनी टँकरमधून आपल्या घरी भरून ठेवलेल्या पाण्यात पदर भिजवला होता आणि त्याचे टोक त्या एकेका कोकराच्या तोंडात पिळत होत्या. ते पाहून हरणाबाईचे डोळे भरले. तिने ते पुसलेही नाहीत. पहार उचलली आणि तशीच पुन्हा खाली उतरली.

खडकाच्या सांध्यात पहार घुसवून ती आणि तिच्या मागोमाग खाली उतरलेले हंबीरराव दोघे जोर लावत होते. मला वरून फक्त आवाज ऐकू येत होता. दगड दगडाचा आवाज ओळखतो. टणटण वाजता वाजता एकदा तो दबका झाला आणि मला कळले. थोड्या वेळाने खालून हंबीररावांची हाक आली, "पाझर लागला! घागर सोडा!"

पाझर तो केवढा? करंगळीएवढा. पहिली घागर भरायला इतका वेळ लागला की तोवर साऱ्या गावच्या बायका रिकामी भांडी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कोणाच्या घरी लहान मूल होते, कोणाच्या घरी आजारी सासू. घागर वर आली. पाणी गढूळ होते, पण पाणी होते.

हरणाबाईने त्या रांगेकडे पाहिले. "वैनी, ही गावाला द्या," ती म्हणाली. "आमी दुसरी घेतो."

मनुबाईंनीही रांगेकडे पाहिले. ही घागर मागायचा हक्क त्या प्रत्येक बाईला होता. पण एकीनेही हात पुढे केला नाही.

"रीत हाय ती हाय," मनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी घागर माझ्यात उपडी केली.

कोकरे सोडली. पायांवर नीट उभी राहत नव्हती ती, हरिबाने घासलेल्या काठावर माना टाकून प्याली. रांगेतल्या बायका बघत उभ्या होत्या, आणि एका म्हातारीने तर पाणी तिच्याच घशाखाली उतरल्यासारखा आवंढा गिळला. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पुरात भरून वाहतानाही कधी वाटला नाही. दुसरी घागर रांगेतल्या पहिल्या बाईला मिळाली. हरणाबाईच्या नवऱ्याने घोड्यावरचे ओझे उतरवले. तो करंगळीएवढा पाझर गावाला आणि कळपाला वाटून घेत उन्हाळ्यापर्यंत पुरवावा लागला. रोज ओढाताण झाली, भांडणेही झाली. पण विहीर कोणत्या वॉर्डाची, हे पुन्हा कोणी काढले नाही.

आता एकोणीसशे एकोणऐंशी साल चालू आहे. खडेपुरात नळ आले, आणि नळ आल्यावर डोणीकडे कोण बघतो? माझ्यात केळीची साले पडतात, बाजाराच्या दिवशी फाटकी पोती पडतात. नव्या सभासदांपैकी एकजण मला फोडून गटारीला दगड वापरू म्हणाला होता. म्हाताऱ्या हंबीररावांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो विषय तिथेच राहिला. दिवाळीनंतर हरणाबाई अजून येते. आली की आधी कचरा काढते, मूठभर गवताने माझे पोट घासते, मग मनुबाई नळाच्या पाण्याची घागर घेऊन येतात. दोघींच्याही कंबरा वाकल्या आहेत. पुढे कोण येईल ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी डोण असेल. तिच्यात काय साचले आहे ते एकदा जाऊन बघा आणि स्वतःच्या हाताने काढून टाका. मग एक घागर पाणी ओता. कोणाची जनावरे प्यायला येतील, ती आपल्या गावची की परमुलखातली, हे बघत तिथे थांबू नका. संध्याकाळी परत या. पाणी संपलेले असेल आणि काठ अजून ओला असेल, तर दुसरी घागर ओता.