स्वयंपाकघरात दिलेला शब्द

मी एक जुना कीबोर्ड आहे. सर्बियातल्या नोवी साद शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपाटाच्या डोक्यावर पडून असतो. माझ्या शेजारी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या आहेत. त्यांना निदान हिवाळ्यात कुणीतरी खाली काढतं.

मित्रांनो, माझे दिवस नेहमीच असे नव्हते. खालच्या मजल्यावरच्या नेबोयशाने मला विकत घेतलं आणि वर राहणाऱ्या तियानाला देऊन टाकलं. म्हणाला, "घे, तुलाच दिला. आता तरी खेळायला ये." हा खेळ इंटरनेटवरचा. प्रत्येक खेळाडूचा एक देश आणि पुष्कळ देश मिळून एक प्रदेश. ज्याला सर्वांत जास्त देशांचा पाठिंबा, तो प्रदेशाचा प्रमुख. कुणी खुर्ची बळकावू नये म्हणून प्रमुख सोडून इतरांनी किती पाठिंबा घ्यायचा याला मर्यादा घातलेली होती. ती ओलांडली की प्रदेशाची परिषद खटला भरायची. शिवाय तिथे एक रीत होती. प्रदेशाच्या फलकावर जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही असं धरायचे.

तियाना औषधांच्या दुकानात काम करायची. घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर बसायची. नव्या खेळाडूंचं स्वागत करायचं, भांडणं मिटवायची, हे तिचं आवडतं काम. लोक तिचं कौतुक करायचे आणि मी उगाच फुशारून जायचो.

पुढे नेबोयशा प्रमुख झाला. वसंतात त्याला वडिलांच्या शेतावर जायचं होतं आणि तिथे इंटरनेट नव्हतं. जाण्याआधी तो आमच्या टेबलाशी बसून बुरेक, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाजलेली पोळी, खात होता.

"शेजारच्या प्रदेशातले टपून बसलेत," तो म्हणाला. "मी नसताना मला खाली ओढतील. तू मर्यादेच्या वर पाठिंबा घेऊन ठेव, म्हणजे खुर्ची आपल्यातच राहील. परिषदेला मी सांगतो."

"फलकावर लिहून जा," तियाना म्हणाली.

"अगं, आपल्यात काय लिहायचं?"

तो गेला. तिने एकेकाला लिहून पाठिंबा मागितला आणि लोकांनी तो मनापासून दिला. शेजारी काही चालून आले नाहीत. नेबोयशा परतला तेव्हा मात्र तिचा पाठिंबा त्याच्या पाठिंब्याला टेकला होता आणि पुढची प्रमुख तियानाच व्हावी अशी चर्चा रंगली होती. ते त्याच्या मनाला लागलं.

एका संध्याकाळी तो वर आला. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता, म्हणून जरा इथे बसू का म्हणाला. तियानाने कॉफी चढवली. ती पाठमोरी असताना त्याने दोन बोटांनी फलकावर लिहायला घेतलं. तियानाने सत्तेच्या लोभाने मर्यादा ओलांडली, तिच्यावर खटला भरावा, असं ते होतं. मित्रांनो, मला अडून बसता येत नाही. दाबलं की अक्षर उमटतं. तिच्यावरचा आरोप तिच्याच घरात, माझ्याच अंगावर लिहिला गेला. नंतर त्याने तिच्या हातची कॉफी प्यायली आणि छान झाली म्हणून सांगितलं.

खटला फलकावर चालला. तियानाने स्वयंपाकघरातलं सगळं बोलणं लिहून काढलं. मुख्य पंच म्हणजे बान्या लुका शहरातले एक शिक्षक. त्यांनी उत्तर दिलं, "स्वयंपाकघर आपल्या प्रदेशात येत नाही. लेखी परवानगी दाखवा." मग त्यांनी नेबोयशाला विचारलं. त्याने लिहिलं, "असं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

ते वाचून तिचे हात माझ्यावर नुसते पडून राहिले. तिला प्रदेशातून हाकललं. जिचा हात धरून सगळे हा खेळ शिकले, तिच्या बाजूने एकानेही ओळ लिहिली नाही. मी त्याच दिवशी कपाटावर गेलो.

काही महिन्यांनी नेबोयशा दारात उभा राहिला.

"माझ्या कीबोर्डची बटणं अडकतात. तो जुना तू वापरत नाहीस ना? माझाच आहे तो. वापरायला दिला होता मी."

"कुठे लिहिलंय?" तियाना म्हणाली.

तो जिना उतरून गेला.

मला वाटलं, आता ती मला पुन्हा जोडेल. तिने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला परत वर ठेवलं. मित्रांनो, माझी सगळी बटणं अजून चालतात. तुमच्या घरात असं कुणी पडून असेल तर त्याला अधूनमधून हात लावा. आणि तुमच्या शब्दावर कुणी काही केलं असेल, तर विचारलं जाईल तेव्हा तो शब्द आठवा. नेबोयशा ज्या कपातून कॉफी प्यायचा, तो कपही आता माझ्या शेजारीच असतो.