चाळीस पाहुणे आणि एकटा मी

मी बिडाचा तवा. काळा, जड आणि हट्टी. आचऱ्याच्या आनंदीबाईंकडे असतो. त्यांच्या सासूबाईंनी मला फोंडाघाटच्या बाजारातून आणलं, तेव्हापासून माझ्यावर तांदळाची घावनं होतात, पातळ, जाळीदार. माझा हिशोब एकच: एका घावनाला तीन मिनिटं, तासाला वीस. एकविसावं मागाल तर मिळणार नाही!

घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या तोवर छान चाललं होतं. मग मुलाने, दीपेशने, आणखी आठ बांधल्या. खाटा आणल्या, पंखे आणले. तव्याला मात्र कोणी विचारलं नाही. डिसेंबरात पुण्याच्या रश्मीताईंनी चाळीस जणांची सहल आणायचं म्हटलं, आणि हा पठ्ठ्या फोनवर "येवा, येवा" म्हणून मोकळा! नाश्त्याला गरम घावनं, हेही कबूल.

त्या रविवारी सहालाच चाळीस माणसं ओसरीवर. अकराला त्यांना निघायचं होतं. दीपेशने गॅस मोठा केला. "आये, बेगीन होतली!"

कसली बेगीन नि कसलं लवकर! पीठ टाकताच करपलं, चिकटलं, चिंधड्या झाल्या. सात घावनं फुकट. अस्सा राग आला मला! रश्मीताई म्हणाल्या, "असंच असेल तर पुन्हा नाही येणार आम्ही." दीपेशचा चेहराच उतरला. दहा खोल्या रिकाम्या पडल्या तर त्याने करायचं काय?

आनंदीबाईंनी आधी माझी आच कमी केली. मग उलथनं हातात घेऊनच बाहेर गेल्या. "पाच-पाच जणांनी आत येवा. माणशी दोनच. बाकीच्यांनी रापण ओढूक जावा, मासे गावतले."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांबलचक जाळं. हात लावील त्याला माशांचा वाटा मिळतो, ही इथली रीत. पाहुणे धावलेच की हो! पण परतले ते दुप्पट भूक घेऊन.

"आजी, अजून एक!"

"नाय. मागे माणसां आसत. पेज घेवा."

सून अपेक्षाने उकड्या तांदळाच्या पेजेचा भलामोठा टोप चढवला होता. टोपाला काय, एकदम दहा जणांना वाढता येतं. मला नाही येत, आणि मला त्याची लाजही नाही.

साडेदहाला शेवटचं घावन उतरलं. रश्मीताई खूश. "दीपेश, पुढच्या रविवारी पुन्हा चाळीस?"

'येवा' त्याच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात त्याला आईचं सुजलेलं मनगट दिसलं.

"नाही जमणार, ताई. पंधरा आणा. पंधरा जणांना गरम आणि पोटभर."

"मग मला दुसरीकडे बघावं लागेल."

"बघा." बोलला एकदाचा शहाणा!

ताई पायरीवर थांबल्या. "बरं, पंधरा. पण मला धरून हां!"

माणसांनो, जमेल तेवढंच कबूल करा, आणि केलंत तर गरम वाढा. मी तापून बसलोय. या, पण आधी विचारून या.