उघडी ठेवलेली बशी

"हाज्जा, हे काय केलंत?"

अम्म वग्दी, म्हणजे वग्दीकाका, गॅलरीच्या दारातच थांबले. कठड्यावर ते काचेची बशी उघडी ठेवून गेले होते आणि सगळे आदराने हाज्जा म्हणतात त्या माझ्या सासूबाईंनी तिच्यावर स्टीलची ताटली पालथी घातली होती.

"मग? खीर अशी रस्त्याच्या धुळीत उघडी टाकतात का कुणी? घरी शिकवलं नाही वाटतं तुम्हाला."

"खीर नाही हो ती. जंतूंचं जेवण आहे. हवेतले येऊन बसावेत म्हणून वीस मिनिटं उघडी ठेवायची असते."

"जंतूंना आमंत्रण? माझ्या घरी? आणि आले की चहा मी टाकायचा?"

अम्म वग्दी हसले, मग बराच वेळ खोकले. संशोधन केंद्रात ते मदतनीस होते. गेली एकोणतीस वर्षं कैरोच्या गच्च्यांवर, बसथांब्यांवर अशा बश्या ठेवायच्या, त्यांत उगवलेले ठिपके मोजायचे आणि आकडा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. अहवालावर नाव साहेबांचं.

त्यांना मीच बोलावलं होतं. माझा तामेर तीन वर्षांचा. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. एक डॉक्टर म्हणाले, खिडक्या बंद ठेवा. शेतांत भाताचा पेंढा जाळतात, त्याचा धूर ऑक्टोबरभर आमच्या इम्बाबा वस्तीवर बसून राहतो; धुराबरोबर धूळ आणि धुळीवर बसून काय काय येतं. दुसरे म्हणाले, खोलीत हवा खेळू द्या. मी रसायनशास्त्र शिकलेली. सापडेल ते वाचलं आणि आणखीच गोंधळले. महिनाभर त्याची खिडकी बंदच ठेवली. शिट्टी तशीच.

"ती झाकलेली वाया गेली. आता एकच बशी उरलीय," अम्म वग्दी म्हणाले. "गॅलरीत ठेवायची की पोराच्या खोलीत?"

मला गॅलरीत हवी होती. बाहेरची घाण एकदा आकड्यात दिसली, की मी केलं ते बरोबर ठरलं असतं. पण त्यांनी विचारलं, "पोर झोपतं कुठे?" आणि मी खोलीचं दार उघडलं.

वीस मिनिटं ते दाराबाहेर घड्याळ हातात धरून बसले. तामेर फटीतून डोकावत होता.

"आले का?"

"येतायत. गर्दी करू नकोस, लाजतात ते."

पाचव्या दिवशी ते बंद बशी घेऊन आले. पांढरी लव, हिरवी वर्तुळं, काळे ठिपके. "त्रेचाळीस," ते म्हणाले.

बंद खोलीत, महिनाभर मी हेच सांभाळत होते?

त्यांनी कपाट ओढायला लावलं. मागची भिंत ओली, काळी पडलेली. "ही खरवडून घ्या आधी."

"आणि खिडकी? उघडू ना?"

"तसं नाही म्हटलं मी. आजच्या धुरात बाहेर कदाचित याहून जास्त निघतील."

"मग बंद ठेवू?"

"तसंही नाही म्हटलं."

"यातलं तामेरला नेमकं काय बाधतं, ते तरी सांगा."

"ते बशी सांगत नाही, पोरी. ती किती ते सांगते. मलाही तेवढंच येतं. पुढे काय करायचं, हे आजवर कुणी विचारलंच नाही मला."

"दोन शिकलेली माणसं, आणि एक खिडकी कळेना!" सासूबाई आतून म्हणाल्या.

मला रडू येत होतं. मी खिडकीच्या कडीला हात घातला. "तुमच्या घरी काय करता, अम्म वग्दी? उघडी असते की बंद?"

"मी बंद करायचो. समीहा उघडायची. तिला कोंडल्यासारखं व्हायचं. लग्न झाल्यापासून रोज हेच भांडण."

"आणि आता?"

"ती गेली त्या दिवशी होती तशीच आहे. हात नाही लावला."

"म्हणजे उघडी की बंद?"

त्यांनी बशी पिशवीत ठेवली. चेन लावायला उगाचच वेळ लावला.

"अर्धी," ते म्हणाले.

मग ते जिना उतरू लागले. प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत होते, ते मला वर ऐकू येत होतं. माझा हात कडीवर तसाच होता.