फ्रीझरमधली जागा

सूनबाई उद्यापासून पुन्हा कामावर जाणार होती, आणि बाळासाठी काढून ठेवायच्या दुधाच्या बाटल्यांना फ्रीझरमध्ये बोटभरही जागा नव्हती. बर्फानं सगळं गिळलं होतं. मटारची एक पिशवी आत कधी गडप झाली, ते त्या बर्फालाच ठाऊक.

"आई, रजा वाढवून मागू का?" सुनेनं विचारलं.

"फ्रीझरसाठी रजा? काहीतरीच तुझं," सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना जुनी गोष्ट आठवली. त्यांचं शिवणकामाचं दुकान मूल लहान असताना असंच एका बारीकशा अडचणीपायी 'थोडे दिवस' बंद झालं होतं. ते पुन्हा उघडलंच नाही.

सुनेनं सुरी उचलली, तशी त्यांनी ती हळूच काढून घेतली. "आत गॅसच्या नळ्या असतात गं. एक भोक पडलं की फ्रीज कामातून गेला. बर्फावर घाव घालायचे नाहीत, त्याला आपणहून सुटू द्यायचं."

त्यांनी बटण बंद केलं. आतलं सामान जुन्या रजईत गुंडाळून बादलीत ठेवलं, खाली टॉवेल अंथरले, फ्रीझरमध्ये घडी केलेल्या फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लावलं आणि दोघी बाळाला लस टोचायला घेऊन गेल्या.

परत येतात तो फ्रीज आपला घुर्र घुर्र करतोय. दार उघडलं, तर विरघळलेलं पाणी पुन्हा गोठलेलं आणि पातेलं फडक्यासकट तळाला चिकटलेलं. सुनेचा चेहरा पडला.

"अहो, बटण कुणी चालू केलं?"

सासरे पेपरमागून बोलले, "बंद दिसलं. म्हटलं, सवयीनं मीच बंद केलं असणार. तुझी बोलणी बसायच्या आत गुपचूप चालू करून टाकलं."

खोलीतून निघताना दिसेल ते बटण बंद करायची त्यांची जन्माची खोड. मागे एकदा फ्रीजचंच बंद केलं नि सगळं दूध नासलं, तेव्हापासून घरात ते आरोपीच होते.

"म्हणजे आज पहिल्यांदा निर्दोष होतात, आणि आजच घात केलात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. सुनेला हसू फुटलं. मग कुणालाच आवरेना.

बटण पुन्हा बंद झालं. सासऱ्यांना त्याच्याखाली स्टूल टाकून राखणीला बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी दारात पेपरची पट्टी अडकवून ओढली. ती अलगद बाहेर आली.

"दार घट्ट लागतच नाहीये. दमट हवा आत जाते, तिचाच हा बर्फ," ते म्हणाले, आणि साबणाचं कोमट पाणी घेऊन स्वतःच रबरातला चिकटा पुसायला लागले.

सासूबाई पातेल्यातलं पाणी गार झालं की बदलत राहिल्या. दिवेलागणीला बर्फाची लादी धप्पदिशी सुटली. तिच्या पोटात मटार होते.

"सापडले एकदाचे," सून म्हणाली. तिनं आतून कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. सासऱ्यांनी पुन्हा पट्टी लावून पाहिली; या खेपेला ती दारानं धरून ठेवली.

"आता चालू करू?" त्यांनी विचारलं. बटणाला हात लावण्याआधी विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती उद्याच्या कपड्यांना इस्त्री करायला उठली होती.

"करा," त्या म्हणाल्या.