मागची भिंत

दारातून खणखणीत "जय भीम" ऐकू आलं, तेव्हा महेंद्रचं बोट आधी म्यूटच्या बटणावर गेलं आणि मग मान वळली. उंबऱ्यात त्याचे वडील उभे होते. पहाटेच्या मंडणगड गाडीने आलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पावट्याच्या शेंगांची पिशवी. महेंद्रने नुसती मान डोलावली. ओठ हलवले, पण आवाज काही काढला नाही.

लॅपटॉपवर पुण्याच्या ऑफिसची रोजची सकाळची मीटिंग चालू होती. टीममधल्या शिवा नावाच्या पोराला महेंद्र समजावून सांगत होता की, प्रोग्रॅममध्ये एरर आली तर ती दाबून टाकायची नसते, वर येऊ द्यायची असते. दाबली तर आत कुठेतरी कुजत राहते आणि एक दिवस सगळंच बंद पाडते. अगदी पोटतिडकीने सांगत होता. दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की माणसाच्या अंगात एवढा जोर कुठून येतो, कोण जाणे.

"कोणी आलंय का, सर?" शिवाने खाली चॅटमध्ये विचारलं.

महेंद्रने टाइप केलं, "कुरिअर."

त्याची मुलगी राही बाजूलाच बसून पोहे खात होती. पाचवीत आहे, शाळा दुपारची. स्क्रीनवर उमटलेलं काहीही वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. ती त्याच्या कानाशी येऊन कुजबुजली, "पप्पा, आजोबांना कुरिअर म्हणालात?"

"गंमत गं," तो म्हणाला.

राही खुदकन हसली आणि आजोबांच्या पिशवीकडे धावली. कुरिअर हा शब्द आपल्याला इतक्या पटकन सुचला, विचारही करावा लागला नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

लॉकडाउनमध्ये महेंद्र पुण्याहून रत्नागिरीला परतला तो परतलाच. नाचणे रोडला फ्लॅट घेतला, कंपनीनेही घरून काम करू दिलं. इंटरनेटची वायर हॉलच्या ज्या भिंतीतून आत आली त्याच भिंतीजवळ त्याने टेबल मांडलं आणि भिंतीकडे पाठ करून बसायला लागला. त्याच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. निळा कोट, हातात पुस्तक, मोठी काचेची फ्रेम. आप्पांनी, म्हणजे महेंद्रच्या वडिलांनी, काशीराम तांब्यांनी, मुंबईच्या गोदीतून रिटायर झाले त्या वर्षी सहा डिसेंबरला तो दादरहून आणला होता. मुलाने फ्लॅट घेतल्यावर स्वतः खिळा ठोकून लावला. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी जागा त्यांनी शोधून काढली होती. कॅमेऱ्याचीही पहिली नजर तिथेच पडायची.

तसं ऑफिसमध्ये महेंद्रला कुणी कधी वावगं बोललं नव्हतं. झालं एवढंच होतं की, नवीन मॅनेजर केतनसर आले तेव्हा पहिल्याच गप्पांत ते म्हणाले होते, "रत्नागिरीचे तांबे? म्हणजे आमच्यातलेच की तुम्ही!" आणि महेंद्र म्हणाला होता, "हो, रत्नागिरीचाच." त्यात खोटं काही नव्हतं. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. नंतर केतनसर आपुलकीने घरगुती गोष्टी बोलू लागले, मुंजीचं आमंत्रण देऊ लागले, एकदा हसत हसत कोट्यातून आलेल्या कुणा पोराबद्दलही बोलले. त्याला महेंद्रही हसला. अशा हसण्याचं पुढे काय करायचं हे माणसाला कळत नाही. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये महेंद्रची मागची बाजू धूसर असायची.

मीटिंग अजून चालूच होती. आप्पा पाय धुऊन आले आणि मुलाच्या खुर्चीमागे उभे राहून कौतुकाने स्क्रीनकडे बघू लागले.

"माजा त्वांड असा धुरकाट कसा रे दिसताय?" त्यांनी विचारलं.

"त्यानं नेट वाचतं, आप्पा."

"आसा? वाचू दे मग," म्हणत ते पटकन बाजूला झाले. मुलाच्या नेटवर आपला भार नको, म्हणून ते भिंतीला चिकटून स्वयंपाकघरात गेले.

आप्पा आले होते ते राहीसाठी. रविवारी तिची वक्तृत्व स्पर्धा होती, सगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांची, ऑनलाइन. विषय होता 'आमच्या गावची नदी'. भारजा नदीची सगळी माहिती आजोबांनीच फोनवरून पुरवली होती. पूर आला की पलीकडची माणसं कशी अडकून पडायची, कुठल्या डोहात मासे मिळायचे, कुठल्या पाणवठ्यावर आपल्या माणसांना भांडं बुडवू देत नसत, हे सगळं तिने लिहून काढलं होतं. शनिवारभर नात आणि आजोबा गॅलरीत बसून तालीम करत होते. राही मध्येच येऊन म्हणायची, "पप्पा, एकदा ऐका ना." आणि महेंद्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचा, "पाच मिनिटं, राही. हे एवढं चालू झालं की आलोच." हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं. कुठल्यातरी शहरात कुठलेतरी पेशंट खोळंबले होते. ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत संपली नाहीत.

"ऱ्हवंदे, बाय," आप्पा नातीला म्हणाले. "त्याला काम हाय. तू मला ऐकव. मला कितीबी येळ ऐकव."

रविवारी सकाळी सगळे तयार होऊन हॉलमध्ये जमले. राहीने निळा फ्रॉक घातला होता. महेंद्रची बायको दर्शना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे तिला मुलीपेक्षा जास्त टेन्शन. ती आत गरम पाणी करत होती. आप्पा बाजूच्या खुर्चीत ताठ बसले होते. आपण कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्यांनी खुर्ची स्वतःच मागे सरकवून घेतली होती. महेंद्रने लिंक उघडून दिली. सगळ्यांत वर सूचना होती: स्पर्धकाच्या मागची खोली स्पष्ट दिसली पाहिजे, पार्श्वभूमी धूसर करू नये. मागून कुणी सांगू नये, म्हणून.

राहीने सूचना वाचली, मागे वळून भिंतीकडे पाहिलं आणि बाथरूमच्या दाराकडे गेली. तिथे वाळत घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल घेऊन आली. स्टुलावर चढली आणि चवड्यांवर उभी राहून तिने तो फ्रेमवर टाकला. दोन्ही बाजू नीट ओढून घेतल्या, कोपराही दिसू नये अशा.

"राही! काय करतेस?" दर्शना दारातून ओरडली.

"झाकतेय गं. ब्लर नाही करायचं म्हणतात ना," राही म्हणाली. "पप्पा असंच करतात. मध्ये ब्लर बिघडलं होतं तेव्हा रोज टाकायचे. तू शाळेत असायचीस."

दर्शनाने महेंद्रकडे पाहिलं. महेंद्रने लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे त्याला आपलाच चेहरा दिसत होता, स्वच्छ, आणि मागे टॉवेल. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात, तसं काही होत नाही. पंखा फिरत राहतो, भाजीवाला खालून ओरडत राहतो आणि आपल्याला आपल्या बापासमोर तसंच बसून राहावं लागतं.

आप्पा उठले नाहीत. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"स्पर्धक क्रमांक सात, राही तांबे," लॅपटॉपमधून आवाज आला.

राही गोंधळली. आपलं काहीतरी चुकलंय हे तिला मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. "आजोबा, मी..."

"आदी बोल, बाय," आप्पा म्हणाले. "तुजा नंबर आला. नदीचा बोल."

ती बोलली. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग भारजेने तिला धरून नेलं. पुराचं बोलली, डोहाचं बोलली. पाणवठ्याचा भाग आला तेव्हा मात्र क्षणभर थांबली, बापाकडे पाहिलं आणि तो भाग गाळून थेट शेवटाकडे गेली. आप्पांना सगळं भाषण पाठ होतं. त्यांचे ओठ गाळलेल्या वाक्यांवर हलत राहिले.

भाषण संपलं. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, निकाल आठवड्याने लागेल म्हणाले. दर्शनाने लॅपटॉप मिटला. आप्पांनी उठून टॉवेल काढला, झटकला, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. सगळं सावकाश. गोदीत जन्मभर त्यांनी पोती उचलली, पण एवढं जपून काही उचललेलं महेंद्रने पाहिलं नव्हतं.

"आजोबा, मी चुकले का?" राहीचे डोळे भरले होते.

"नाय, बाय. तू जां बगितलास तांच केलास."

दर्शना तिला आत घेऊन गेली. हॉलमध्ये बाप-लेक दोघंच उरले. आप्पा रागावतील, हात उगारतील, निदान आवाज चढवतील, म्हणून महेंद्र मान खाली घालून वाट बघत होता. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुला कोनी काय बोलला काय रे हापिसात?" आप्पांनी विचारलं. आवाजात काळजी होती. "काय तरास देतात काय? नोकरीचा काय भ्या हाय?"

महेंद्रला पटकन हो म्हणावंसं वाटलं. एखादा अपमान, एखादी धमकी, काहीतरी सांगता आलं असतं तर त्या टॉवेलला कारण मिळालं असतं.

"नाही, आप्पा. कोणी काही बोललेलं नाही."

"मग?"

महेंद्रने खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. आप्पांनी फोटो खिळ्यावरून काढून घेतला.

"ह्यो मी गावाला नेतंय."

"आप्पा, असं नका करू. मी परत नाही..."

"रागानं नाय नेत, बाबा. हितं झाकून ठेवन्यापरास थितं उगडा ऱ्हवंल."

महेंद्रने त्यांचा हात धरायला हवा होता. लग्न झालेला, पोरीचा बाप असलेला माणूस, त्याला एवढंही जमू नये? पण आतून कुठेतरी, अगदी तळातून, त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. उद्यापासून काही झाकायला नको. ते वाटलं आणि त्याला स्वतःची अशी किळस आली की तो हात पुढे करूच शकला नाही.

सोमवारी पहाटे तो त्यांना स्टँडवर सोडायला गेला. दर्शनाने फ्रेम जुन्या सुती साडीत गुंडाळून दिली होती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ते वर ठेवा रॅकवर." आप्पा म्हणाले, "असू दे," आणि फ्रेम मांडीवर आडवी धरून खिडकीशी बसले. गाडी सुटताना त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने "जय भीम" म्हटलं. महेंद्रही म्हणाला. गाडीच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

घरी येऊन तो कामाला बसला. भिंतीवर फोटोच्या जागी रंगाचा स्वच्छ चौकोन उमटला होता. आज लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्याने ब्लरचं बटण दाबलं नाही. राही सकाळच्या शिकवणीला जायला दाराशी बूट घालत होती. कालपासून ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. चिडली नव्हती, जरा घाबरल्यासारखी झाली होती. घरात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचा अंदाज घेतल्यासारखी.

मीटिंग सुरू झाली. शिवाने काय केलं, कुणाचं काय अडलंय, सगळं नेहमीसारखं झालं. मग केतनसर म्हणाले, "अरे वा, तांब्यांचं घर आज नीट दिसलं! छान उजेड आहे. भिंत मात्र अगदीच ओकीबोकी वाटते हो. काहीतरी लावा की, गणपतीबिणपती."

राहीने एक बूट घातला होता. दुसरा हातात धरून ती बापाकडे बघत राहिली.

"फोटो होता, सर," महेंद्र म्हणाला. "बाबासाहेबांचा. काल वडिलांनी काढला, गावी घेऊन गेले."

शिवाने मान वर केली. केतनसरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, पण काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "का हो? असं का?"

"मी त्यावर टॉवेल टाकायचो," महेंद्र म्हणाला. "तुम्हाला दिसू नये म्हणून."

कुणाच्या तरी खोलीत कुकरची शिट्टी झाली. महेंद्रने दाराकडे पाहिलं. राही खाली बसली होती आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होती.