मोहरी तडतडली की बंद

प्रेरणाची नोकरी पक्की व्हायची तर एकतीस तारखेपर्यंत कारखान्यातलं सगळं प्रशिक्षण नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढायला हवं होतं. बाकी सगळं चढलं. राहिले होते धोंडबाकाका. ते त्याच दिवशी रिटायर होणार, आणि मोठ्या पंख्याचं बेअरिंग बिघडतंय हे नुसत्या कानाने ओळखणारे भिलाईच्या त्या कारखान्यात ते एकटेच. सळईचं एक टोक बेअरिंगला लावायचं, दुसरं कानाला. बस.

प्रेरणाने आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. सॉफ्टवेअरने तो घेतलाच नाही, त्याला फक्त पीडीएफ चालायची.

"काका, मग सांगा, आवाज कसा येते?"

"चांगला असला तं झोपलेल्या लेकरावानी. बिघडून राहिला तं कढईत मोहरी तडतडते तसा. यात का लिवाचं हाय, पोरी?"

तिने तस्संच लिहिलं आणि लेखक म्हणून हौसेने काकांचंच नाव टाकलं. मॅनेजर कृष्णरावांनी कागद परत पाठवला. कारण, भाषा तांत्रिक नाही! प्रेरणाचं डोकंच फिरलं. तिने कृष्णरावांना आणि नव्यानेच लागलेल्या नीतूला थेट पंख्यापाशी नेलं.

"सर, हिनं फक्त तो कागद वाचला. आता पाहा."

नीतूने सळई कानाला लावली आणि ओरडली, "सर, राई फूट रही है! बंद करो!"

बेअरिंग उघडलं तर आत चांगलीच चीर. कृष्णरावांनी तिथेच मोबाइलवर मंजुरी दिली. एकतीसला काकांना हार घालताना प्रेरणा त्यांच्यापेक्षा जास्त खूश होती.

दोन तारखेला कागद गायब! रिटायर माणसाचं खातं बंद झालं की त्याच्या नावाचे कागदही बंद, असा सॉफ्टवेअरचा नियम. प्रेरणाला रडूच आलं. नोकरी गेली म्हणायची, असं मनात धरून ती नीतूला सांगायला पंख्याकडे धावली.

पाळी संपली की पुढच्या पाळीसाठी मशीनवर खडूने निरोप लिहायची तिथली जुनी पद्धत. पंख्याच्या कव्हरवर काकांच्या वाकड्या अक्षरात शेवटचा निरोप होता, 'लेकरू झोपलं, चालू. मोहरी तडतडली, बंद.' समोर उकिडवे बसून कृष्णराव तीच अक्षरं ब्रशने पांढऱ्या रंगात गिरवत होते.

"खडू पुसून जाते ना," ते म्हणाले. "अन् तुमचं नोकरी पक्की झाल्याचं पत्र टेबलवर ठेवलं हाय. कागदावरच. त्या सॉफ्टवेअरमंदी टाकाची हिंमत नाही झाली मले."